बदाम नसलेला कप

“ह्यो चहा न्हवं, शैला. चहाचं पातेलं विसळून पाणी दिलंय बाईनं,” अप्पा म्हणाले आणि कप माझ्याकडं सरकवला.

राजा बेगम समोरच उभी होती. तिला मराठी येत नव्हतं हे आमचं नशीब. पण चेहरा वाचायला भाषा कशाला लागते? तिनं हसून तो कप परत अप्पांच्या हातात दिला. “पहला घूँट दवा है, बाबा. दूसरा घूँट चाय.”

अप्पांनी तोंड वाकडं करत दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “बशी हाय का बघ.”

मी धावतच बशी आणायला गेले. कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून काही मागितलं होतं.

ही गोष्ट मुंबईतल्या एका धर्मशाळेतली, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना तिथं स्वस्तात खोली मिळायची. मजल्यावर एकच सामाईक स्वयंपाकघर होतं आणि खोल्यांसमोर लांब व्हरांडा. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, गालाच्या आत गाठ झाली होती. तंबाखूची मेहेरबानी. रोज हॉस्पिटलात ‘लाईट’ घ्यायला जायचं. रेडिएशनला तिथं सगळे लाईटच म्हणत. त्या लाईटनं तोंड आतून सोलून निघालं आणि चव पार गेली. भाकरी म्हणजे माती, आमटी म्हणजे गरम पाणी. दुधाचा तर वास आला तरी उमासे येत.

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर अप्पांचं सायकलचं दुकान होतं, शेजारी हॉटेल. दिवसभर अर्धा-अर्धा कप चालायचा. माझी आई म्हणायची, ह्या माणसाला कापलं तर रक्त नाही, चहा निघेल. त्या माणसानं एका सकाळी चहाचा कप बाजूला सारला तेव्हा मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं होतं. अप्पांनी जगायचं सोडून दिलं, असंच मला वाटलं.

अशात शेजारच्या खोलीत हे काश्मीरचं जोडपं आलं. नवऱ्याचं नाव गुलाम हसन, बायकोचं राजा बेगम. नावं कळल्यावर अप्पा म्हणाले, “नवरा गुलाम, बायको राजा. आमच्या घरात बी तसंच हुतं, फक्त नावं येगळी हुती.” हे मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं तेव्हा गुलाम हसन इतके हसले की राजा बेगम घाबरून पाणी घेऊन आली. त्यांच्या किडनीत गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं, पण दोनदा त्यांना थिएटरच्या दारातून परत आणावं लागलं. ऐनवेळी बीपी चढायचं. डॉक्टरांनी राजा बेगमला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “याही वेळी जमलं नाही, तर मग ऑपरेशनला अर्थ राहणार नाही. काही करा, पण त्यांचं मन शांत ठेवा.”

तेव्हापासून घरून येणारी प्रत्येक बातमी आधी ती ऐकायची आणि गाळून नवऱ्याला सांगायची. फोन खालच्या ऑफिसात यायचा. छप्पर गळतंय, मेव्हण्याशी भांडण झालं, असलं काही वर पोचायचंच नाही. वर पोचायची ती एकच गोष्ट. त्यांच्या शमीमाचे दिवस भरत आले होते. एकुलती एक लेक, पहिलंच बाळंतपण. गुलाम हसन रोज सकाळी विचारायचे, “कुछ आया?” आणि राजा बेगम म्हणायची, “आएगा. जल्दी क्या है.”

तिचा तो बिनदुधाचा चहा, कहवा, मी रोज बघून बघून शिकले. पाण्यात दालचिनीचा तुकडा, ठेचलेली वेलची आणि एखादी लवंग टाकायची. पाण्याला वास सुटला की गॅस अगदी बारीक करून मग हिरव्या चहाची पानं. मी सवयीनं गॅस मोठा करायला गेले तर तिनं माझा हात धरला. “पत्ती को डाँटना नहीं,” ती म्हणाली. आपण चहाला रागावून, उकळून, वठणीवर आणून पितो. तिच्याकडं पानांना ओरडायचं नसतं. केशराच्या काड्या वाटीत आधीच भिजवून ठेवलेल्या असत. केशर त्यांच्या शेतातलं, पांपोरचं. ते शेवटी घालायचं, साखर जेमतेम. कपाच्या तळाशी बदामाचे काप आणि वरून गाळलेला सोनेरी कहवा. त्यांनी येताना तांब्याचा छोटा समोवार आणला होता, तोटीची किटलीच म्हणा. कोळसा पेटवायला धर्मशाळेत बंदी, म्हणून पातेल्यात कहवा करून ती समोवारात ओतायची आणि त्याच्या तोटीतून कपात. हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, समोवारातून आला नाही तर नवरा त्याला काढा म्हणतो.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही चौघं तो प्यायचो. आधी वास घ्यायचा, मग छोटा घोट, मग गप्पा. अप्पा बशीत ओतून फुर्रकन प्यायचे, आणि काश्मीरच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडतंय, असं गुलाम हसन म्हणायचे. अप्पांच्या तोंडाला बदामाचे काप टोचत, म्हणून त्यांचा एक कप बदामांशिवाय असे. ट्रेमधला बदाम नसलेला कप अप्पांचा, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. चव त्यांना कहव्याचीही लागत नव्हती. पण वास यायचा आणि कहवा पोटात ठरायचा. एवढ्यावर आम्ही दिवस काढत होतो.

एकदा अप्पांनी तिला विचारलं, “तुमारे गाव में रोज यहीच पीते क्या?”

ती म्हणाली, नाही. घरी रोजची चाय मिठाची असते. कहवा पाहुण्यांचा, ईदचा, लग्नाचा.

“मग इथं का ती मिठाची करत नाहीस?” मी विचारलं.

तिनं नवरा जवळ नाही ना ते बघून घेतलं. तिच्या हिंदीत ती म्हणाली ते असं: आमच्या घरात कुणी गेलं की केशराचा डबा बंद होतो. चाळीस दिवस कहवा होत नाही, नुसती मिठाची चाय. आणि हे फार वहमी आहेत, शकुन-अपशकुन मानणारे. इथं हॉस्पिटलच्या सावलीत मी मिठाची प्यायले तर म्हणतील, हिनं आत्तापासूनच मातम सुरू केला. म्हणून मी कबूल करून आलेय की हे बरे होऊन घरी जाईपर्यंत मिठाच्या चहाला हात लावणार नाही.

“बरोबर हाय,” अप्पा म्हणाले. “आजारी माणसाचं मन म्हंजे पंक्चरची ट्यूब. जपाय लागतंय.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी खालून हाक आली, “काश्मीरवाले, फोन!” राजा बेगम पायऱ्या उतरून गेली. गुलाम हसन व्हरांड्यात येऊन कठड्याला धरून उभे राहिले. तिला यायला वेळ लागला. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि ओढणीचं टोक ओलं.

“बच्ची हुई है,” ती म्हणाली. “ख़ुदा का शुक्र.”

“और शमीमा?”

“सो रही है.”

गुलाम हसननी दोन्ही हात वर केले, तोंडावरून फिरवले, आणि त्या उंच माणसाला एकदम काय करावं तेच सुचेना. ते मला म्हणाले, “बेटी, मैं नाना हो गया.” अप्पांना मिठी मारली. मग बायकोकडं वळून म्हणाले, “आज कहवा पूरी मंज़िल को. पूरा डिब्बा खोल दो.”

ती जागची हलली नाही. “कल बना दूँ? ऑपरेशन के बाद...”

“कल तो मुझे पानी भी नहीं मिलेगा. आज. अभी.”

ती स्वयंपाकघरात गेली. मीही मदतीला गेले. मजल्यावरच्या सगळ्यांसाठी करायचं म्हणून मोठं पातेलं घेतलं होतं. तिनं पानं टाकली, आणि पाणी भडाभडा उकळायला लागलं तरी ती नुसती बघत उभी राहिली. शेवटी मीच गॅस बारीक केला आणि म्हटलं, “पत्ती को डाँटना नहीं.” ती हसली नाही. आजी झाल्याच्या आनंदात भान हरपलंय, असं मी धरून चालले. कुणाचा आनंद कसा दिसतो, ते आपण आपल्याच मापानं ठरवतो. ती खलबत्त्यात बदाम कुटत राहिली, पीठ व्हायची वेळ आली तरी. मग मला म्हणाली, “तुम जाओ, सबको बुलाओ.”

मी सगळ्यांना बोलावलं. नांदेडची सुभद्राबाई आली, बिहारची मायलेकींची जोडी आली, जिन्याजवळच्या खोलीतले आजोबा आले. कुणी स्टीलचा पेला घेऊन, कुणी झाकणाची वाटी घेऊन. गुलाम हसन बाकाच्या मधोमध नवरदेवासारखे बसले होते. राजा बेगम एका हातात समोवार आणि दुसऱ्या हातात आमच्या रोजच्या कपांचा ट्रे घेऊन आली. ट्रे तिनं बाकावर ठेवला आणि समोवारातून लोकांना ओतायला लागली.

अप्पांनी ट्रेमधला बदाम नसलेला कप उचलला आणि घोट घेतला.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग आठी गेली आणि डोळे मोठे झाले. ठसका लागला असं वाटून मी पुढं झाले, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी परत एक घोट घेतला, जिभेवर धरून ठेवला आणि राजा बेगमकडं बघितलं. तीही त्यांच्याचकडं बघत होती. सुभद्राबाईच्या पेल्यातून कहवा उतू जाऊन फरशीवर पडत होता आणि ओतणाऱ्या राजा बेगमला पत्ता नव्हता.

“कैसा है, बाबा?” गुलाम हसननी विचारलं. “आज केसर मैंने ख़ुद दिया है, हाथ खोल के.”

अप्पांनी तिच्यावरची नजर काढली. मग म्हणाले, “एकदम फस्क्लास. नातीच्या नावाचा है. पूरा पिएगा.”

त्यांनी बशी मागितली नाही. तोंड सोललेला माणूस, पण त्यांनी तो कप एका दमात रिकामा केला. मग उठले, बेसिनकडं गेले आणि कप स्वतःच्या हातानं विसळून पालथा घातला. आयुष्यात त्यांनी कधी कप विसळला नव्हता.

ट्रेमध्ये बदाम नसलेला अजून एक कप उरला होता. गुलाम हसननी तो उचलून बायकोपुढं धरला. “तू नहीं पिएगी? नानी बन गई है, पगली.”

तिनं तो घेतला. सगळा मजला कौतुकानं बघत होता. तिनं ओठांना लावला आणि एक एक घोट करून शेवटपर्यंत प्यायला. गुलाम हसन म्हणाले, “देखो, ख़ुशी से रो रही है,” आणि सगळे हसले. मीसुद्धा.

दुपारी खोलीत अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

“शैला, मला चव आली,” ते म्हणाले.

मी टुणकन उठले. “काय सांगता! कशाची?”

“मिठाची.”

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे पायच धरले. “म्हणजे जीभ सुधारतेय, अप्पा! पण कहव्यात मीठ कुठलं?”

“माझ्या न्हाई. तिच्या कपात हुतं, केशराच्या जागी. माझा समजून उचलला मी. दोन कप हुते बिनबदामाचे.” ते अजून भिंतीकडंच बघत होते. “आठवत न्हाई व्हय तुला, त्या दिवशी ती काय बोलली हुती?”

मला आठवलं. घरात कुणी गेलं की केशराचा डबा बंद, नुसती मिठाची चाय. तिचं तोंड धुऊन वर येणं, ‘सो रही है’, बदामांचं झालेलं पीठ.

राजा बेगम गच्चीवर कपडे वाळत घालत होती. एकच सदरा पिळत होती, झटकत होती, परत पिळत होती. मी काही विचारलं नाही, नुसती तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“बाबा ने बताया?” तिनंच विचारलं.

मी मान डोलावली.

“रात को ही गई. ख़ून रुका नहीं. बच्ची ठीक है.” ती सदरा पिळतच होती. “अब तक मिट्टी भी दे दी होगी. मैंने मुँह भी नहीं देखा. और मैंने केसर पिया, शैला. जिस दिन मेरी बेटी गई, उस दिन मैंने सबके सामने केसर पिया.”

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती मागं सरकली. “नहीं. मत छुओ. मैं रो पड़ी तो आँखें सूज जाएँगी. वो शाम को मेरी आँखें देखते हैं. कल तक. बस, कल तक.”

तिनं सदरा दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि खाली निघून गेली. मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. एक वाक्य बोललं तरी त्यांच्या गालात कळ जायची. दिवसचे दिवस ते खुणांवर काढत. ते उठून गुलाम हसनच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि बोलायला लागले. सायकलच्या वाकड्या चाकाचा आऊट कसा काढतात, नवरा-बायको आणि दोन पोरं एकाच सायकलवरून गडहिंग्लजच्या बाजारात कशी येत, एका गिऱ्हाईकाची जुनी सायकल त्यालाच नवी म्हणून कशी विकली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधेच गालावर हात. गुलाम हसन पोट धरून हसत होते. राजा बेगम दोन-तीनदा आली-गेली, पण नवऱ्याला तिच्या डोळ्यांकडं बघायला अप्पांनी उसंतच दिली नाही. धर्मशाळेत फेरीला येणाऱ्या नर्सनं संध्याकाळी बीपी बघितलं आणि म्हणाली, “अरे वा, चाचा!”

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. आम्ही तिघं बाहेर बसलो. कितीतरी वेळानं डॉक्टर आले आणि म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, पेशंट ठीक आहे. राजा बेगमनं ते परत एकदा सांगायला लावलं. रात्रभर आत कुणाला सोडणार नव्हते, म्हणून डॉक्टरांनी तिला विश्रांतीला पाठवलं.

धर्मशाळेत पोचल्यावर अप्पा मला म्हणाले, “पिठलं टाक. भात मऊ कर.”

“कुणाला?” मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला कळलं.

आमच्याकडं कुणी गेलं की शेजारची माणसं त्या घरी पिठलं-भात घेऊन जातात. नुसतं देऊन येत नाहीत. समोर बसून पहिला घास स्वतः खातात, मगच घरच्या माणसाच्या घशाखाली उतरतो. अप्पांनी गावात असे कितीतरी घास खाल्ले होते. पण त्या दिवसांत त्यांना तांदळाची पेजसुद्धा काचेसारखी टोचायची. पुढं ते वर्षभर जगले, आणि त्या वर्षात मी त्यांना पिठलं खाताना परत कधी पाहिलं नाही.

राजा बेगम स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली होती. अप्पा तिच्यासमोर फरशीवर बसले. मी दोन ताटल्या मांडल्या. अप्पांनी भात-पिठलं कालवलं, घास घेतला आणि चावायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वेदनेनं की कशानं, मला सांगता येणार नाही.

“बाबा, मत खाइए,” ती घाबरून म्हणाली. “आपको दर्द होता है.”

अप्पांनी घास गिळला. “पैला घास हमने खाया. अब तुम खाओ, बेटी.”

तिनं एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसरा तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला आणि भात परत ताटलीत पडला. अप्पांचं सगळं हिंदी संपलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रड, बाई. आता रड. आता कोन बघत न्हाई.”

तिला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. पण तिनं जो टाहो फोडला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला.

सुभद्राबाई धावत आली, तिच्यामागं त्या मायलेकी आणि आजोबा. सगळे दारात गर्दी करून उभे राहिले. हॉस्पिटलातून आलेली बाई अशी रडताना पाहिली की तिथं एकच अर्थ लागायचा. सुभद्राबाईनं माझा दंड धरून हळूच विचारलं, “गेले का गं मालक?”

“नाही,” मी म्हटलं. “ऑपरेशन चांगलं झालं.”

“मग?”

मी राजा बेगमकडं बघितलं. सांगू की नको, मला कळेना. तिनंच मान वर केली. ओढणी डोक्यावरून घसरली होती, ती तिनं सावरली नाही.

“मेरी शमीमा नहीं रही,” ती म्हणाली. “परसों रात को.”

कालच तिच्या हातचा कहवा सगळ्यांनी हसत प्यायला होता. सुभद्राबाईच्या हातात कुकरमध्ये लावायला धुतलेले तांदूळ होते. ते तिनं तसेच ओट्यावर ठेवले आणि ती राजा बेगमशेजारी फरशीवर बसली. मग त्या मायलेकी बसल्या. मग एकेक करून मजल्यावरच्या बाकीच्या बायका आल्या आणि जागा मिळेल तिथं टेकल्या. रुग्णांचं जेवण कुणीतरी खालच्या खानावळीतून आणलं. त्यानंतर त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर कुणीच गॅस पेटवला नाही.